तकिय्याच्या कॅमेऱ्यात शिरलेलं ऊन

तकिय्या दारातून आत आली की बायका आधी केस मोकळे सोडायच्या आणि मग तिला सलाम करायच्या. इतका तिच्यावर भरवसा. आमच्या सना शहरात बाईचं उघडं डोकं बाप, भाऊ, नवरा आणि मुलगा यांनाच दिसतं. त्यांच्याखेरीज ते दिसायचं तकिय्याच्या कॅमेऱ्याला. मी नवरीमुली सजवते, त्यामुळे माझं काम संपलं की तिचं सुरू व्हायचं. मी हात नक्षीनं भरून, केसांत सब्जाच्या डहाळ्या खोवून, दागिने चढवून बाजूला झाले की ती एक डोळा मिटून म्हणायची, "कातिबा, मुलगी कुठं आहे? मला नुसता सोनाराचा गल्ला दिसतोय." नवरी हसायची, आणि तेवढ्यात हिचं बटण दाबून झालेलं असायचं. हसरी नवरी आमच्याकडे चांगली दिसत नाही म्हणतात, पण ते फोटो सगळ्या जणी पुन्हा पुन्हा मागवून बघायच्या.

उंच, हाडकुळी बाई. पाय इतके मोठे की बैठकीबाहेर काढलेल्या चपलांच्या ढिगात तिच्या चपला लांबून ओळखू यायच्या. तिला नवरा होता आणि नव्हता. जेद्दाला गेला, तिथं दुसरी केली, आणि सौदीनं आमच्या लोकांना हाकललं तेव्हा सगळे परत आले, हा मात्र आला नाही. आला तो तिचा भाऊ लुत्फ. जेद्दाला त्याचा फोटोचा धंदा होता. गाद्या, पंखे, हंडे असं सगळं ट्रकवर लादून आणलं, त्यातच एका जुन्या लोकरी बनियनमध्ये गुंडाळलेला जपानी कॅमेरा. लुत्फ छातीच्या दुखण्यानं खंगत गेला. गच्चीवर उन्हाला बसून त्यानं बहिणीला कॅमेरा शिकवला, कारण दुसरं काही देण्यासारखं त्याच्याजवळ उरलंच नव्हतं. तो गेल्यावर तकिय्यानं कुणापुढं हात पसरले नाहीत. बायकांच्या लग्नात बाईच फोटो काढणार, आणि आमच्या भागात अशी बाई ती एकटी.

आता रीत सांगते, कारण सगळं घडलं ते त्या रीतीमुळे. लग्नाच्या फोटोंतलं काहीही फोटोवालीकडे राहायचं नाही. नवऱ्या मुलाकडची एखादी पोक्त बाई तिच्याबरोबर सुआदच्या दुकानात जायची. दुकान सुआदच्या भावाचं. पुढं तो गिऱ्हाईक बघायचा आणि मागं पडद्याआड यंत्रावर सुआद. बायकांच्या फिल्मला त्याचा हात लागायचा नाही. ती पोक्त बाई तिथंच स्टुलावर ठाण मांडायची, फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही पाकिटात घालून घ्यायची, पाकीट स्वतः जिभेनं ओलं करून चिकटवायची आणि सासूच्या हातात द्यायची. सासू ते पेटीत टाकायची, किल्ली कमरेला. तकिय्याला आपलंच काम दिसायचं ते दुकानातल्या त्या दोन मिनिटांत, तेही दुसरीच्या हातातून. निगेटिव्ह तर तिनं वर्षानुवर्षं उजेडात धरून पाहिलीच नव्हती. म्हणजे भाकरी भाजायची आणि तव्याकडे बघायचं नाही, असला प्रकार. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही, मलाही नाही.

उम्म मुतह्हर म्हणजे मुतह्हरची आई. तिच्या मुलाचं लग्न ठरलं ते हुरियाशी. मुतह्हर सरकारी कचेरीत कारकून, शहाणा, मऊ, आईच्या डोळ्याकडे बघून जेवणारा. आयुष्यात एकदाच त्यानं हट्ट धरला, तो हुरियासाठी. बहिणीच्या तोंडून तिचं वर्णन ऐकलं होतं, बस्स. उम्म मुतह्हरच्या मनात आपल्या बहिणीची मुलगी होती. ती गोष्ट तिनं सोडून दिली असं सगळे म्हणत होते. मी तिची मेंदी कालवत होते तेव्हा तिचं तोंड पाहिलंय. गोष्ट सोडून दिलेल्या बाईचं ते तोंड नव्हतं.

हुरिया म्हणजे काय सांगू. एवढीशी, गालावर खळी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. सजवताना माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारते, "खाला, त्यांना मिठाचं जास्त आवडतं की कमी? कुणी सांगतच नाही." मी म्हटलं, "तू घाल तेवढं तो खाईल." त्यावर इतकी हसली की काजळ पुन्हा घालावं लागलं.

लग्नाच्या दुपारी बैठक खच्चून भरलेली. तकिय्यानं नवरीचा एक फोटो काढला, रीळ पुढं ओढलं आणि तेवढ्यात जेवण आलं. सल्त्याच्या रश्श्याची उकळती भांडी, मधात न्हालेली बिंत अस-सहनची पदराची रोटी. जेवायचं म्हणजे हात मोकळे हवेत. तिनं कॅमेरा खिडकीच्या रुंद कट्ट्यावर ठेवला, पालथा, भिंग खाली करून, म्हणजे कुणा पोराचं बोट लागायला नको. वरच्या रंगीत काचांतून तांबडा-निळा उजेड पडतो तो जमिनीवर. कट्ट्यावर मात्र दुपारचं नितळ ऊन, आणि आमचं ऊन म्हणजे डोंगरमाथ्यावरचं, कातडी सोलणारं. जेवण, मग कॉफीच्या सालीच्या किश्रचे पेले, मग गाणारणीचं एक गाणं. तेवढा वेळ कॅमेरा उन्हात शेकत पडला. मग ती उठली आणि आत थांबलेल्या त्या फिल्मवर हुरियाचा पुढचा फोटो काढला.

लग्न गुरुवारचं. शुक्रवारी सुआदचं दुकान बंद. कॅमेरा फिल्मसकट तकिय्याच्या घरी राहिला, नेहमीसारखा. शनिवारी सासूकडची बाई आली आणि दोघी दुकानात गेल्या.

एका फोटोत हुरियाच्या गळ्यावरून खांद्यापर्यंत लाल पट्टा होता. नुसता डाग नाही, चांगला रुंद, कडेला पिवळा, जळत्या निखाऱ्यासारखा. मुलगी हसतेय आणि गळा चिरल्यासारखा दिसतोय. त्याच्या पुढच्या फोटोतही तशीच, जरा फिकी लाली. बाकीचे सगळे स्वच्छ.

उम्म मुतह्हरनं पाकीट फोडलं, तो फोटो बराच वेळ पाहिला आणि वेगळा काढून ठेवला. तिसऱ्या दिवशी बायका जमल्या तेव्हा तिनं तो मांडीवर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "फिल्मला उजेड लागल्याशिवाय असं होत नाही म्हणतात. आणि कुणी उघडल्याशिवाय उजेड कसा लागेल?"

एवढंच. पुढचं बायकांनी आपापलं शिजवलं. शुक्रवारी कॅमेरा कुठं होता? तकिय्याच्या घरी. तिच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं? भाडेकरू, पलटणीतला माणूस, एकटा. मग काय विचारता. आठवडा उलटायच्या आत गल्लीत पक्कं झालं की मुतह्हरची बायको, केस मोकळे, गळा उघडा, कुणा परक्यानं पाहून घेतली. मुतह्हर कचेरीतून आला तर सहकारी बोलता बोलता गप्प झालेले. त्यानं आईला विचारलं. आई म्हणाली, "मी काही म्हणत नाही बाबा, बायको तुझी आहे." हुरियाला बापाच्या घरी पाठवलं. चार दिवस राहून ये, असं सांगून. तिनं कपड्याचे दोनच जोड बरोबर नेले, बिचारीनं खरं मानलं.

मी तकिय्याकडे गेले तेव्हा ती रडत असेल असं वाटलं होतं. ती जिन्यात बसून लसूण सोलत होती आणि एकेक पाकळी अशी सोलत होती की जणू उम्म मुतह्हरचीच साल काढतेय. "उघडली असती तर पट्टा आला असता का गं?" मला म्हणते. "उघडली असती तर हुरियाच उरली नसती. दोन-चार फोटो पार पुसले गेले असते. पट्टा येतो तो भेगेतून. माझ्या कॅमेऱ्याला कुठंतरी भेग आहे, कातिबा, आणि मला निगेटिव्ह दिसल्याशिवाय ती कळायची नाही."

"निगेटिव्हमध्ये काय दिसणार?"

तिनं सुरी खाली ठेवली. "फिल्मच्या कडेला भोकं असतात, ओढायला. भिंगामागचा पडदा बिघडला असेल तर डाग चौकटीतच राहतो, भोकांकडे जात नाही. पाठीच्या झाकणातून उजेड शिरत असेल तर तो भोकांवरूनही जातो. आणि मागून शिरलेला उजेड लालच उमटतो. लुत्फ सांगायचा. मी तेव्हा अर्धं ऐकलं."

उम्म मुतह्हरनं निगेटिव्ह दाखवली नाही. तकिय्या तिच्या दारात उभी राहिली, बुरख्यातूनच म्हणाली, "उम्म मुतह्हर, मला मुलीचं तोंड बघायचं नाही. अंगठ्यानं झाका आणि मला फक्त कड दाखवा." आतून उत्तर आलं, "एकदा पाहिलंत तेवढं पुरे झालं."

मग ती दुसऱ्या घरांकडे वळली. मागच्या वर्षभरात दोन-तीन लग्नांत कुठं कोपऱ्यात जरा लाली आली होती, बायकांनी ती खिडकीच्या काचेची म्हणून सोडून दिली होती. मी तिच्याबरोबर गेले, कारण मला ही घरं जास्त ओळखतात. पहिली जमीला, उम्म यह्या. चांगली बाई, निदान तेव्हा तशी वाटली. तिनं दार लावून घेतलं, पेटी उघडली, सुनेचा चेहरा अंगठ्याखाली दाबला आणि पट्टी खिडकीशी धरली. तकिय्या नाक टेकवून बघायला लागली. फोटोत लाल ते निगेटिव्हवर काळपट दिसतं. ती काळपट सावली चौकटीतून निघून भोकांपर्यंत गेली होती, अगदी कडेपर्यंत. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्याही घरात तेच, आणि सावली दर वेळी पट्टीच्या त्याच अंगानं उठलेली.

"झाकण," तकिय्या म्हणाली. "झाकणाच्या बिजागरीची बाजू." जमीलानं तिला मिठी मारली, पाणी दिलं, "अल्लाहनं तुझी अब्रू राखली" म्हणाली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

घरी येऊन तिनं कॅमेऱ्याची पाठ उघडली. झाकण जिथं बसतं तिथं अंगभर बारीक खोबण असते, तिच्यात काळ्या स्पंजची पट्टी भरलेली, आणि बिजागरीपाशी जरा जाड तुकडा. लुत्फच्या वेळी तो स्पंज असेल. आता त्याची काकवी झाली होती. बोट लावलं की चिकट काळा धागा निघायचा. बिजागरीचा तुकडा तर एका टोकाला गळूनच पडला होता. "ह्या एवढ्याशा फटीनं पोरीचं घर मोडलं," तकिय्या म्हणाली. तिचं नख त्या फटीत जेमतेम जात होतं.

पण तिला नुसतं वाटून भागणार नव्हतं. तिनं नवी फिल्म घातली. बिजागरीवरून काळी चिकटपट्टी लावली, कॅमेरा पालथा करून उन्हात ठेवायचा, मग एक फोटो. पुन्हा उन्हात, पुन्हा फोटो. अर्धी फिल्म झाल्यावर पट्टी काढली आणि तेच सगळं उघड्या बिजागरीनं. तिच्या कोंबड्या काढल्या, पाण्याची टाकी काढली, जिना काढला, माझाही एक काढला, ज्यात माझं नाक मशिदीच्या मनोऱ्यासारखं आलंय. सुआदनं फिल्म धुऊन दिली. अर्धी लख्ख, आणि पट्टी काढल्यापासून पुढं कोंबड्यांच्या पिसांतून आग निघालेली. सुआद पडद्याआडून म्हणाली, "खाला, झाकणाचाच दोष आहे, मी शपथेवर सांगीन." पुढून भाऊ खाकरला. "तू कुठं काही सांगायचं नाहीस," तो म्हणाला, आणि तो विषय तिथंच मिटला.

आता उम्म मुतह्हरच्या बैठकीत जायचं, सगळ्या जमलेल्या असताना, आणि दाखवायचं. हुरियाचा निकाल अजून लागलेला नव्हता. मुतह्हरनं तोंडातून तलाकचा शब्द काढलेला नव्हता. वेळ होता.

आणि इथं तकिय्यानं ते केलं जे आमच्यातल्या कुठल्याही नीट बाईनं केलं असतं. तिनं कॅमेरा दुरुस्त केला.

मी तिला म्हटलं होतं, "आहे तसा घेऊन चल." तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला मळक्या झग्यानं लग्नाला चल म्हणाले. "कुणाच्या बैठकीत ही घाण न्यायची? गादीला लागली तर डाग जायचा नाही. खरकटी थाळी घेऊन कुणाकडे जातेस का तू, बघा माझी थाळी किती घाण आहे म्हणून?" आमच्याकडे मन साफ करायला जायचं तर माणूस न्हाऊन, धुतलेले कपडे घालून, बखूरचा धूर घेऊन जातो. जाताना हातात जे असेल तेही स्वच्छ. तिच्या लेखी कॅमेराही त्यातच आला. शिवाय कारागिराचा जीव. बिघाड सापडल्यावर तो तसाच ठेवून झोप लागणाऱ्यातली ती नव्हती.

दातवणाची काडी टोकदार करून तिनं ती काकवी खरवडली, स्पिरिटच्या बोळ्यानं खोबण पुसली, पुन्हा पुन्हा, बोळा पांढरा निघेपर्यंत. लुत्फचं ते जुनं बनियन उसवलं आणि त्याचा काळा लोकरीचा धागा खोबणीत दाबून बसवला. बिजागरीसाठी मी मखमलीचा तुकडा दिला, एका नवरीच्या झग्यातला उरलेला. शिंप्यालाही जमलं नसतं इतकं ते नेटकं बसलं. आणखी एक फिल्म उन्हात शेकवून बघितली. एकही डाग नाही. त्या दुपारी ती कितीतरी दिवसांनी हसली. "लुत्फनं बघायला हवं होतं," म्हणाली.

बैठकीत आम्ही दारापाशी बसलो. मी सजवणारी, मला तर तशीही दारापाशीच, शेवटच्या मानाची जागा असते. जमीला होती, बाकीच्या दोघीही होत्या. तकिय्यानं सगळं शांतपणे सांगितलं: खिडकीचा कट्टा, ऊन, जेवण, फट. कोंबड्यांची फिल्म पसरली. उम्म मुतह्हरनं सगळं ऐकून घेतलं. मध्येच किश्र पुढं केला. मग म्हणाली, "दाखव बरं ती फट."

तकिय्यानं कॅमेरा उघडला. आत काळी मखमल, नवी कोरी. बायका पुढं वाकल्या.

"कुठं आहे?"

"मी बुजवली."

"कधी?"

"परवा."

"मग आज काय दाखवायला आलीस, बाई?" उम्म मुतह्हर म्हणाली, आणि एकदोघी खुदकन हसल्या. "हा तर माझ्या पेटीपेक्षा घट्ट आहे."

"ही मखमल मी आत्ता काढते," तकिय्या म्हणाली. "कॅमेरा उन्हात ठेवू. पुन्हा पट्टे येतील, तुमच्या डोळ्यांदेखत."

"म्हणजे तुला हवे तेव्हा पट्टे आणता येतात आणि नको तेव्हा घालवता येतात." तिनं कोंबड्यांची फिल्म दोन बोटांत उचलून परत ठेवली. "हे मला माहीत नव्हतं."

तकिय्याचा आवाज चढला. "उम्म मुतह्हर, फिल्म उघडली असती तर त्या मुलीचा चेहराच राहिला नसता. सगळं पुसलं जातं."

"उघडल्यावर काय होतं हे तुला बरंच ठाऊक आहे."

तकिय्या जमीलाकडे वळली. "उम्म यह्या, तू सांग. तुझ्या यह्याच्या लग्नातही होती ना लाली? आपण दोघींनी पाहिलं. भोकांपर्यंत."

जमीलानं आपल्या पेल्यात पाहिलं. ती काय हिशेब करत होती ते मला स्वच्छ दिसत होतं. आपल्याही फोटोत पट्टा आहे म्हणावं, तर आपलीही सून कुणीतरी पाहिली. आज हुरियावर आलं, उद्या आपल्यावर. "आमचे फोटो स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "माझ्या तरी काही लक्षात नाही." बाकीच्या दोघी मूग गिळून बसल्या. मी तोंड उघडलं, म्हटलं मी स्वतः पाहिलंय, आणि उम्म मुतह्हर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कातिबा, तुझी मैत्रीण आहे ती, तू बोलणारच." त्या बैठकीत माझ्या शब्दाला माझ्या कंगव्याइतकीही किंमत नव्हती. मला त्या तिघींचा आजही इतका संताप आहे की त्यांच्या नातींना सजवताना माझा हात जड होतो.

जिना उतरताना तकिय्या एका वळणावर थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. "कातिबा," म्हणाली, "ती घाण तशीच आणायला हवी होती." मी आधीच सांगितलं होतं असं म्हणायची ती वेळ नव्हती.

त्याच आठवड्यात मुतह्हरनं दोन साक्षीदारांपुढं तलाकचा शब्द उच्चारला. म्हणतात, तो रडत होता. रडून काय उपयोग? हुरियाचे उरलेले कपडे गाठोड्यात बांधून आले, वरती तिची लग्नातली चप्पल.

तकिय्याला कुणी बोलावेना. हजला निघालेल्या म्हाताऱ्यांचे पासपोर्टचे फोटो काढून ती कसंबसं भागवायची. त्या फोटोंत नुसता चेहरा, आणि चेहराही असा की कुणी चोरून बघेल ही भीती नाही. भाडेकरूला तिनं स्वतःच जायला सांगितलं, तर लोक म्हणाले, बघा, आता घालवला. हुरियाच्या आईकडे ती तीनदा गेली. दार उघडलं नाही.

मग हिवाळ्याच्या सुमाराला उम्म मुतह्हरकडून एक बाई निरोप घेऊन आली. मी तेव्हा तिथंच होते. मुतह्हरचं लग्न ठरलं होतं, मावशीच्या मुलीशी. निरोप असा: "गुरुवारी ये. कॅमेरा आता बरा आहे ना? आणि या खेपेला खिडकीत उन्हाला ठेवू नकोस म्हणावं."

ती बाई गेली. तकिय्यानं दार लावून कडी घातली.

"तिला पटलं होतं," ती म्हणाली. "तिथं बसल्या बसल्या तिला सगळं पटलं होतं, कातिबा."

"थुंक तिच्या निरोपावर."

"नाही गेले तर म्हणतील, तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून आली नाही."

"आणि गेलीस तर?"

"तर मी चोर नव्हते."

"आणि हुरिया?"

ती उठली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गच्चीवर गेली. मी खूप चिडले होते, पण नंतर विचार केला, मी तरी काय करणार होते? त्या नवरीला सजवायचा सांगावा मलाही आला होता, आणि मीही हो म्हटलं होतं.

ती गेली. बैठकीत तिला खिडकीजवळ बसवलं, दारापाशी नाही. उम्म मुतह्हरनं सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आमच्या तकिय्यासारखी विश्वासाची बाई साऱ्या सनात मिळायची नाही." जमीलानं मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावल्या. कुणाच्याही चेहऱ्यावर काही आठवल्याची खूण नव्हती, आणि एकदा तो शब्द पडल्यावर सगळ्या जणी केस मोकळे सोडायला लागल्या. तकिय्यानं फोटो काढले. नवरी हसली नाही, आणि तकिय्यानं तिला हसवलंही नाही. त्यानंतर तिला पुन्हा सगळीकडून बोलावणी यायला लागली.

लग्नानंतर काही दिवसांनी आम्ही दोघी वेशीपाशी भाकरी घ्यायला गेलो. तिथं बायका टोपल्या मांडून बसतात. गर्दीत एक एवढीशी, काळ्या शरशफच्या बुरख्यातली बाई पुढं झाली आणि तकिय्याचा हात धरला. आवाजावरून आम्ही ओळखलं. हुरिया. तिला एका विधुराला द्यायचं ठरत होतं, इब्बकडच्या डोंगरात, चार मुलांचा बाप.

"खाला, त्यांच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढलेत म्हणे."

तकिय्या म्हणाली, "हो."

"कसे आले?"

"चांगले आले, पोरी."

"पट्टा वगैरे?"

"नाही. एकही नाही."

हुरियानं तिचा हात जरा दाबला. तिला टोमणा मारायचा नव्हता, मी शपथेवर सांगते, त्या मुलीला टोमणे येतच नव्हते.

"बरं झालं, खाला," ती म्हणाली. "चला, कॅमेरा तरी नीट झाला." आणि भाकऱ्या शरशफखाली धरून ती घराकडे वळली.